उजव्या कानाचं बोंड

शुक्रवारी निघालेलं गाणं शुक्रवारीच, सकाळच्या चहाच्या आत ऐकून त्यावर मत देऊन मोकळा होणारा, वय वर्षं चोपन्न आणि धंदा भेंडी-गवारीचा, असा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे यात माझा काडीचाही दोष नाही. माणूस मुलगी बघून लग्न करतो. मुलीच्या थोरल्या बहिणीचा नवरा कसली गाणी ऐकतो, याची चौकशी आजवर कोणी केली आहे का? बारा वर्षांपूर्वी मी हिवरा आश्रमला मुलगी बघायला गेलो तेव्हा हे गृहस्थ थोरले जावई म्हणून लोडाला टेकून, डोळे अर्धे मिटून बसले होते. मला वाटलं, काय गंभीर माणूस आहे! गंभीर कसला हो! डाव्या कानात हेडफोन होता. ताटात रोडगे आणि वांग्याची भाजी पडली, मी पहिला घास उचलला, तोच यांनी वायरीचं दुसरं टोक माझ्या कानात कोंबलं आणि म्हणाले, "ऐका सर. कालच निघालं. अजून कोनाच्या बापानं ऐकलं नाही." मी मुलगी बघायला आलो होतो. मुलगी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा माझ्या कानात कोणीतरी कोकणी पोरगा गिटारवर रडत होता, आणि त्याच सुरात मी तिला नाव विचारलं.

मी त्यांना भाऊ म्हणतो. अमडापूरला त्यांची चार एकर भाजी आहे आणि गाण्याविषयीची त्यांची सगळी अक्कल त्याच चार एकरांत उगवलेली आहे. भाजी आणि गाणं ताजंच पाहिजे, हा पहिला नियम. आठ दिवसांपुढचं गाणं ते ऐकत नाहीत. "आठ दिवस झाले की गवार गुराले आन गाणं लग्नाले," असं म्हणून ते शुक्रवारी सकाळी मागच्या शुक्रवारचा सगळा माल मोबाइलमधून पुसून टाकतात. मी चिखलीला शाळेत गणित शिकवतो आणि माझ्याकडे जुन्या गाण्यांच्या दीडशे कॅसेटी जपून ठेवलेल्या आहेत. त्या त्यांना एकदा कौतुकाने दाखवल्या, तर लोणच्याच्या बरण्या बघाव्यात तशा त्यांनी त्या बघितल्या आणि "बुरशी नाही ना आली?" एवढंच विचारलं. नव्या गाण्यांतही त्यांचे तीन वाफे आहेत. पॉप म्हणजे हायब्रीड. दिसायला एकसारखं, टिकायला बरं, चवीला यथातथा. हिपहॉप म्हणजे ठेचा. घेताना थोडाच घ्यायचा आणि पाणी जवळ ठेवायचं. आणि इंडी, म्हणजे कुणा एकट्यादुकट्या पोराने कंपनीबिंपनीशिवाय घरच्या घरी केलेलं गाणं, हे घरचं बियाणं. भाऊंचा खरा जीव या घरच्या बियाण्यावर. ते हातात घेताना त्यांचा आवाजसुद्धा हळू होतो.

हेडफोनच्या टोकांना ते बोंडं म्हणतात. कपाशीच्या मुलखातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? डावं बोंड कायम त्यांच्या कानात आणि उजवं छातीवर लोंबत. हे लोंबणारं बोंड म्हणजे समोर येणाऱ्या प्रत्येक माणसासाठी लावलेला सापळा. बाजारच्या दिवशी अमडापूरला इतर भाजीवाले भाजीवर सांबार फुकट टाकतात. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. आमचे भाऊ विचारतात, "सांबार टाकू का गाणं?" गिऱ्हाईक बिचारं सांबार म्हणतं. मग भाऊ सांबार टाकतात आणि गाणंही ऐकवतात. चांगली नऊवारीतली म्हातारी आणि हे, दोघं एका वायरीला बांधल्यासारखे भेंडीच्या ढिगावर वाकून उभे, आणि मागे रांग खोळंबलेली, हे दृश्य मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. गाणं संपलं की भाऊंचा ठरलेला प्रश्न, "माय, तुह्या बाजूनं काय आलं?" म्हातारी म्हणाली, "बापा, कोनीतरी कुकरची शिट्टी फुकून राह्यलं व्हतं." दुसरा कोणी असता तर हसला असता. यांनी गंभीरपणे मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला, "शिट्टी आहे म्हणतेत त्याच्यात," असं सांगत तेच गाणं लावलं.

बरं, नुसतं ऐकून सोडतील तर ते भाऊ कसले? प्रत्येक गाण्याखाली ते अभिप्राय लिहितात. लहानपणी रेडिओला फर्माईशीची पत्रं लिहायची सवय, त्यामुळे अभिप्रायाच्या खाली पूर्ण पत्ता. "गाणे ऐकले. आवडले. दुसरे कडवे थोडे लांबले. तुमच्याकडे पाऊसपाणी कसे? मु. पो. अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा." तिकडे आसामातल्या कुठल्या तरी खोलीत बसलेल्या, डोळ्यांवर केस आलेल्या पोराला हे वाचून काय वाटत असेल, देव जाणे. पण उत्तरं येतात! एका पोरीने आपल्या गावच्या पावसाचा फोटोच पाठवला होता. तो फोटो बघून भाऊ मला म्हणाले, "चांगली गाते पोरगी. पन फुलकोबी सडली असन तिची." आणि तसं त्यांनी तिला लिहूनही टाकलं.

डोणगावच्या लग्नाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. भावकीतलं लग्न, वरात निघालेली, नवरदेव घोड्यावर. भाऊंनी बँडमास्तरला गाठलं आणि आदल्या दिवशी निघालेलं एक हिपहॉप वाजवायचा हुकूम दिला. बँडमास्तरने बोंड कानात घालून ते तीनदा ऐकलं. कपाळाला आठ्या. शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "भाऊ, याले चालच नाही ना! पोट्टा नुसता बोलूनच राह्यला. माह्ये सहा पिपाणीवाले काय वाजवतीन?" भाऊंकडे तोडगा तयार. "ढोल-ताशेवाल्यायनं वाजवा, पिपाणीवाल्यायनं इसावा घ्या." झालं! सहा पिपाण्या बगलेत मारून सहा माणसं खाली माना घालून मुकाट चालताहेत आणि पुढे नुसता ढोल, धाड-धाड, धाड-धाड. मुलीकडच्यांनी हे मांडवातून लांबूनच पाहिलं. पिपाणी बंद आणि माणसं खाली माना घालून येताहेत म्हणजे वऱ्हाडात कोणी तरी गेलं, अशी त्यांची खात्रीच झाली. मुलीचा मामा धोतर सावरत पळत आला. "कोन गेलं हो? काय झालं?" त्यावर आमच्या साडूने काय करावं? त्याच्या कानात बोंड घातलं. मामा घामाघूम, धापा टाकतोय, डोळे पांढरे झालेले, आणि हे विचारताहेत, "मामा, तुमच्या बाजूनं काय आलं?"

मला तर या प्रश्नाने सात-आठ वर्षं छळलं. मोबाइलवर दर शुक्रवारी तीन गाणी येणार, आणि शनिवारी फोन. "ऐकलं का सर?" मी म्हणायचो, ऐकलं. "कसं वाटलं?" छान होतं. "मंग सव्वा मिनिटावर उजव्या बाजूनं काय आलं?" आता मी गणिताचा मास्तर. वर्गात चाळीस पोरांची तोंडी परीक्षा घेणारा. पण शनिवारी सकाळी परीक्षा माझी. देवाशपथ सांगतो, मी त्यातलं एकही गाणं ऐकलेलं नसायचं. अर्ध्या मिनिटात कपाळ दुखायचं आणि मी आपली कॅसेट लावायचो. मग काहीतरी ठोकून द्यायचं, "ते वाद्य आलं ना, ते आपलं..." पलीकडून नुसतं "बरं, बरं." मला वाटायचं, चला, सुटलो.

एकदा त्यांच्या मेथीच्या वाफ्यात बसून मी वैतागून विचारलंच, "भाऊ, नवंच काऊन पाहिजे तुम्हाला? जुन्यात इतकं सोनं पडलं आहे." ते जुडी बांधता बांधता थांबले. म्हणाले, "सर, जुन्याले ऐकनारे लई आहेत. नव्याले कोन आहे? पहाटे जुड्या बांधून बजारात बसा. दहा वाजेलोक कोनी इचारत नाही. मान्सं समोरून जातेत, जुडीकडं पाहतबी नाहीत. मंग एक जन थांबते. घेत नाही, नुसती उचलून पाह्यते. तेवढ्यानंबी जीवात जीव येते. हे पोट्टे कुठं कुठं बसून गानं बनवतेत आन खाली पाहावं तं ऐकनारे अकरा. मंग मी बारावा होतो." एवढं बोलून ते पुन्हा जुडी बांधायला लागले. मी शनिवारी खरंच ऐकायचं ठरवलं आणि रविवारपर्यंत विसरून गेलो.

आता ताईंबद्दल. ताई म्हणजे त्यांच्या मंडळी, माझ्या बायकोची थोरली बहीण. बायको शेंडेफळ, ताई पहिल्या, त्यामुळे मला सासूच्या जागी. नवऱ्याच्या गाण्यांना त्या एकच नाव देतात, "कानातला किडा". तीस वर्षांच्या संसारात त्यांनी ते उजवं बोंड एकदाही कानात घातलं नव्हतं. भाऊ पुढे करायचे आणि त्या हात झटकून म्हणायच्या, "भेंडी तोडू का तुमचा किडा पोसू?" दर शुक्रवारी हे होई, आणि दर शुक्रवारी भाऊ नव्याने बोंड पुढे करत.

गेल्या वर्षी भाऊंचा डावा कान वाहायला लागला. चिखलीच्या डॉक्टरांनी बुलढाण्याला पाठवलं. मी शाळेला रजा टाकून माझ्या गाडीने दोघांना घेऊन गेलो. तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं आणि पडदा फाटलाय, ऑपरेशन करावं लागेल म्हणून सांगितलं. मग सहज विचारलं, "आणि हा उजवा कान कधीपासून असा आहे?" मी भाऊंकडे बघायला लागलो. भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. उत्तर ताईंनी दिलं. चौथीत सतराचा पाढा चुकला म्हणून गुरुजींनी कानशिलात लगावली होती, तेव्हापासून उजवा कान गेलेला. ओरडून बोललं तर जेमतेम कळे, गाणं म्हणावं तर काहीच नाही. लोक चिडवतात म्हणून भाऊंनी ताईंना शपथ घातली होती. सतराचा पाढा! मी मास्तर जातीचा. मला त्या खुर्चीत बसवेना. आणि मग हळूहळू डोक्यात उजेड पडायला लागला. गाण्यात काही वाद्यं डाव्या बाजूने येतात, काही उजव्या. त्यांना आयुष्यभर एकच बाजू ऐकू आली होती. "तुमच्या बाजूनं काय आलं?" ही परीक्षा नव्हतीच. माणूस खरंच विचारत होता.

बाहेरच्या बाकावर मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून म्हणालो, "भाऊ, मग बोंड बदलून ऐकायचं ना! उजव्याचं डाव्यात घालायचं." ते हसले. "बदलून पाह्यतो ना सर. पन मंग इकडचं जाते. दोन्ही संगं कसं लागते ते नाही समजत. त्याच्यासाठी दुसऱ्या बाजूले मानूस लागते." मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेलो आणि टपरीवर उगाच बराच वेळ उभा राहिलो.

ऑपरेशन झालं, डावा कान कापसाने गच्च भरला. पडदा जुळला की नाही ते तीन आठवड्यांनी कापूस काढल्यावर कळणार होतं. नाही जुळला तर यंत्र लावायचं. "यंत्रातून बोलणं कळेल," डॉक्टर म्हणाले, "पण गाणं गाण्यासारखं लागेलच असं नाही." हे मी पाटीवर लिहून भाऊंना दाखवलं. त्यांनी ते वाचून पाटी पुसली आणि स्वतः लिहिलं, "तीन शुक्रवार?" दुसरी काही चिंताच नाही! पहिला शुक्रवार उजाडला आणि भाऊंनी नाश्ता परत पाठवला. कुठल्या कुठल्या पोरांची गाणी आली असतील आणि बारावा माणूस पलंगावर कापूस घालून पडलेला. शेवटी ताईच चिडल्या. "आना तो तुमचा किडा इकडं," म्हणून त्यांनी मोबाइल हिसकावला, दोन्ही बोंडं दोन्ही कानांत घातली आणि पदर खोचून भेंडी तोडायला गेल्या. दुपारी कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागे अहवाल हजर. मी तो मागून घेतला आहे, माझ्याजवळ आहे. "एक. पोरगा बोलतच राह्यला, गायलाच नाही. पन खरं बोलते असं वाटते. दोन. पोरगी चांगली आहे, वाजा लई. आवाज दाबून टाकला बिचारीचा. तीन. हे भेंडी तोडाले बेस. हात चालते. चार. याले कोनीतरी सोडून गेलं आहे, त्याले म्हना जेव आधी. पाच. उजव्या बाजूनं घुंगरू आहेत, डाव्या बाजूनं काहीच नाही. असं काऊन?" भाऊंनी तो कागद पाच-सहा वेळा वाचला आणि मग पोहे मागितले.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी पुष्कळ होतं. पण ताईंनी त्या सगळ्या गाण्यांखाली एकेक अक्षर शोधून लिहिलं होतं, "आमचे मालक कानाने आजारी आहेत. त्यांच्या वतीने ऐकले. मु. पो. अमडापूर." आणि तिकडून उत्तरांची रीघ लागली. इंग्रजी, हिंदी, बंगाली, काय काय! ताई ती मला पाठवायच्या आणि मी मराठी करून द्यायचो. कोणी लिहिलं, काका लवकर बरे व्हा. कोणी लिहिलं, माझं पहिलं गाणं सगळ्यांत आधी तुम्हीच ऐकलं होतं. ती पावसाचा फोटो पाठवणारी पोरगी म्हणाली, फुलकोबी वाचली म्हणून सांगा त्यांना. मी वर्गात पेपर तपासत होतो. डोळ्यांना धारा लागल्या, पोरांना सांगितलं, खडूची धूळ गेली.

कापूस काढायच्या दिवशी पुन्हा आम्ही तिघं बुलढाण्याला. डॉक्टरांनी चिमट्याने कापूस ओढून काढला, कान साफ केला आणि भाऊंच्या मागे उभं राहून हळू आवाजात म्हणाले, "बत्तीस." भाऊ गप्प. "अठ्ठेचाळीस." भाऊ गप्पच. ताईंनी माझं मनगट धरलं ते असं की अजून वळ असतील. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात भाऊ मान न वळवता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पंख्यात तेल टाका हो. लई करकर करून राह्यला. त्याच्यापायी तुमचे आकडे नीट ऐकू येत नाहीत." डॉक्टर हसायला लागले. ताई रडायला लागल्या. मी पंख्याकडे बघत राहिलो. तो खरोखरच करकरत होता.

परत येताना दोघं मागच्या सीटवर. चिखली यायच्या आधी ताईंनी पिशवीतून हेडफोन काढला. "हे एक ठेवलं होतं तुमच्यासाठी." भाऊंनी विचारलं, "कवाचं?" ताई म्हणाल्या, "पहिल्याच शुक्रवारचं." "तीन आठवड्याचं? शिळं झालं असन की." "ऐका मुकाट्यानं," ताई म्हणाल्या आणि डावं बोंड त्यांच्या कानात घातलं. उजवं त्यांनी स्वतःच्या कानात घातलं. मी आरशातून बघत होतो. समोरचा खड्डा चुकवायला विसरलो आणि गाडी आदळली, तरी दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही. गाणं संपल्यावर भाऊंनी विचारलं, "तुह्या बाजूनं काय आलं?" ताई म्हणाल्या, "बांगड्या वाजल्या. गाता गाता तिच्या हातातल्याच असतीन." भाऊ म्हणाले, "पुन्हा लाव."

त्या शुक्रवारी माझ्या मोबाइलवर नेहमीप्रमाणे तीन गाणी आली. मी घराचं दार लावून घेतलं, कॅसेटींकडे पाठ करून बसलो आणि तिन्ही ऐकली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शनिवारी फोन. "ऐकलं का सर? दुसऱ्या गान्यात तुमच्या बाजूनं काय आलं?" मी म्हणालो, "दीड मिनिटाच्या पुढे लांब कुठे तरी कुत्रं भुंकलं. पोराने गाताना खिडकी उघडी ठेवली असणार." "कुत्रं!" भाऊ ओरडलेच. "माह्याकडं नाही आलं कुत्रं!" आणि लहान पोरासारखे हसत राहिले. मग म्हणाले, "आज ऐकलं तुमी."

मी म्हणालो, "म्हणजे आधी..."

"आधी तुमी नुसतं छान होतं म्हनायचे. छान तं कोनीबी म्हनते, सर."

"तुम्हाला माहीत होतं? मग इतकी वर्षं पाठवत कशाला राहिलात?"

"आता बजारात बसलो म्हनल्यावर," ते म्हणाले, "समोरून जानाऱ्याले आवाज तं द्यावाच लागते ना." आणि भेंडीला पाणी सोडायचंय म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी तेच गाणं पुन्हा लावलं. उजवं बोंड कानात घातलं आणि डावं तसंच छातीवर लोंबू दिलं.